जाम नदीच्या दोन काठांवरून ‘३००’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात दगडफेकीची गोटमार झाली आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी सौंसरहून मामाकडे गेले. मामेभाऊ ओसरीत पलंगाला टेकून बसला होता. डाव्या भुवईवर चार टाके, कडेने बीटाडीनचा तपकिरी डाग, सुजेने डोळा मिटलेला. मांडीवर लॅपटॉप आणि त्यावर ‘३००’ लागलेला. स्पार्टाचा राजा लिओनायडस पर्शियाच्या दूताला लाथ मारून विहिरीत पाडतो, ते दृश्य तो एका डोळ्याने पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहत होता.

“डॉक्टरांनी डोळ्याला आराम द्यायला सांगितलं ना?”

“एकालेच लागलं ताई. बस इथं, हे पाह्य. असा पिक्चर पुन्हा होणे नाही.”

आम्ही घरात वऱ्हाडी बोलतो आणि तिच्यात हिंदी मिसळलेली असते. त्या दिवशीचा वाद इथे देताना भाषा थोडी सरळ केली आहे, म्हणणं ज्याचं त्याचंच ठेवलं आहे.

‘३००’ हा सिनेमा मार्च २००७मध्ये आला. फ्रँक मिलरच्या ग्राफिक नॉव्हेलवरून झॅक स्नायडरने तो काढला. मूळ पुस्तक १९९८ सालचं. ते आधी पाच अंकांत आलं, रंग लिन व्हार्लीचे. डावं-उजवं पान मिळून एकच आडवं चित्र, अशी त्याची मांडणी आहे. स्नायडरने जवळजवळ सगळं चित्रण मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे केलं आणि पुस्तकातली चित्रं जशीच्या तशी पडद्यावर उतरवली. विषय इसवी सनापूर्वी ४८०मधली थर्मापिलीची लढाई. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर लिओनायडस आणि त्याचे तीनशे स्पार्टन पर्शियाचा, म्हणजे इराणचा, सम्राट झर्क्सीस याची अफाट फौज अडवून धरतात आणि शेवटी सगळे पडतात.

मी म्हटलं, “या विहिरीची पुढची गोष्ट ठाऊक आहे का तुला? इतिहासकार हिरोडोटसने लिहिलीय. दूतांना विहिरीत टाकलं होतं हे खरं, पण ते आधी, झर्क्सीसचा बाप दारयस याच्या काळात. पुढे स्पार्टाच्याच लोकांना त्याची टोचणी लागली. दूताला मारणं म्हणजे पाप. शकुन अनुकूल येईनात, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून दोन खानदानी स्पार्टन आपण होऊन झर्क्सीसकडे गेले. आमचे जीव घे आणि फिटंफाट कर, म्हणाले. झर्क्सीसने त्यांना सोडून दिलं. तुम्ही जगाचा रिवाज मोडलात म्हणून मी तो मोडणार नाही, असं त्याचं उत्तर होतं. आणि हे लिहिणारा माणूस ग्रीक आहे.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ताई, तू पिक्चर पाहून राहिली का पेपर तपासून राहिली? सौंसरच्या शाळेतली लाल पेन इथं कायले आणली?”

“पेन नाही आणली. पण तू जिथे टाळी वाजवतोस, तिथे ती घटना घडवणाऱ्यांना स्वतःला लाज वाटली होती. सिनेमाने नेमकी ती लाज गाळली. हे तुला लहान वाटतं का?”

“मले तो पोवाडा वाटते. पोवाड्यात दुसऱ्याची बाजू राहते का? अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा म्हटला, तेव्हा खानाच्या बायकापोरांचं काय झालं ते सांगितलं होतं का? शाहीर आपल्या फौजेपुढं उभा राहते, आपल्या माणसाचं रक्त तापवते. त्याचं कामच ते हाय. आणि या पिक्चरमध्येही शाहीर हाय. डिलिओस. त्याचा डोळा जाते, राजा त्यालेच माघारी धाडते, आपली गोष्ट सांग म्हणून. अख्खा पिक्चर त्याच्याच तोंडून हाय. शेवटी तो कुठं उभा राहते? वर्षभरानंतरच्या प्लाटियाच्या मैदानावर, लढाई सुरू व्हायच्या आधी, आपल्या पोरांपुढं. मग दुश्मन राक्षसासारखे दिसतील नाही तर काय दिसतील? डिलिओस सांगून राहिला ना!”

हा मुद्दा मला मान्य करावा लागला आणि अजूनही मान्य आहे. ‘३००’वर इतिहासाची फूटपट्टी घेऊन तुटून पडणारे पुष्कळ जण हा निवेदक विसरतात. स्नायडरनेही आपल्या सिनेमाची बाजू मांडताना त्याच्याकडेच बोट दाखवलं होतं. एका डोळ्याने पाहणारा माणूस लढाई सांगतो आहे, हे सिनेमा पहिल्या मिनिटापासून उघड ठेवतो. माझा भाऊ सुजलेला डोळा घेऊन हे मला समजावत होता. त्याच्या तोंडून ते जास्तच पटलं.

“बरं, पोवाडा म्हणून पाहू,” मी म्हटलं. “मग पोवाड्याची कसोटी लाव. तानाजीच्या पोवाड्यात शेलारमामा राहिला की नाही? पावनखिंडीच्या गोष्टीत शिवा काशीद राहिला की नाही? १६६० सालची गोष्ट. तिथेही खिंड, तिथेही तीनशे मावळे, बाजीप्रभूंबरोबर बांदलांची सेना. राजा सुटावा म्हणून एक न्हावी राजाचा वेश करून पालखीत बसला आणि मारला गेला. २०२२ साली दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ आला, त्यातही तो आहे. पन्हाळ्यावर त्याचा पुतळा आहे. आपल्या सांगणाऱ्यांनी न्हाव्याला गाळलं नाही. आता तुझ्या सिनेमात बघ. लिओनायडसला वाटेत दुसऱ्या गावचे लोक भेटतात. तो त्यांना धंदा विचारतो. एक कुंभार, एक मूर्ती घडवणारा, एक लोहार. मग तो आपल्या माणसांकडे वळतो आणि तीनशे गळे एकदम गर्जतात. थिएटरात तिथे शिट्ट्या पडतात. मला तिथे वाईट वाटतं.”

“कायले? ते खरंच लढवय्ये नव्हते.”

“कारण शेवटच्या दिवशी तिथे फक्त तीनशे नव्हते. थेस्पिया नावाचं एक लहान गाव होतं. तिथले सातशे जण आपणहून थांबले. लिओनायडस बाकीच्यांना जा म्हणाला, हे गेले नाहीत. ते सगळे तिथे पडले आणि नंतर झर्क्सीसने गावही जाळला. शेती करणारे, धंदा करणारे लोक. स्पार्टन लोक लहानपणापासून लढाईच शिकायचे, त्यांच्या शेतात गुलाम राबायचे. थेस्पियावाल्यांना तशी सोय नव्हती, तरी ते थांबले. अरे बाबू, थेस्पिया म्हणजे त्या काळचं सौंसर. मोठ्या गावाच्या गोष्टीत लहान गाव कसं पुसलं जातं, ते आपल्याला कळत नसेल तर कुणाला कळणार? थर्मापिलीला लिओनायडसचा पुतळा उभा राहिला १९५५ साली. थेस्पियाच्या सातशेंचं स्मारक व्हायला १९९७ उजाडलं. आणि मिलरचं पुस्तक त्याच्या दुसऱ्याच वर्षी आलं, नाव ‘३००’.”

यावर तो काही बोलला नाही. त्याने सिनेमा पुढे नेला आणि एफिआल्टीसवर थांबवला.

हे दृश्य मला सबंध सिनेमातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाठीला कुबड, वाकडा चेहरा, अंगावर लाल झगा. एफिआल्टीस लिओनायडसकडे येतो आणि मलाही लढू दे म्हणतो. भाल्याचा वार त्याला उत्तम येतो. राजा त्याला ढाल उचलायला सांगतो. ढाल पुरेशी वर जात नाही. राजा शांतपणे समजावतो की आमच्या रांगेत प्रत्येकाची ढाल शेजारच्याला झाकते. तुझी वर गेली नाही तर शेजारचा मरेल. तू जखमींना पाणी दे, मेलेल्यांना हलव. एफिआल्टीस कोसळतो आणि पुढे जाऊन शत्रूला डोंगरातली चोरवाट दाखवतो.

“हे पाह्य,” भाऊ म्हणाला. “इथं दुश्मनी कुठं हाय? राजानं त्याले हाकललं नाही, चिडवलं नाही. खरं ते सांगितलं. फितूर असा कसा होते, ते या पिक्चरनं दाखवलं. तुझ्या हिरोडोटसनं काय लिहिलंय?”

“बक्षिसाच्या आशेने त्याने वाट दाखवली, असं. तो त्याच भागातला एक माणूस होता. कुबडाचा उल्लेख नाही.”

“मग? पैशासाठी फितूर झाला यापेक्षा पिक्चरवाल्याची गोष्ट चांगली.”

“मनाचं कारण चांगलं, हे खरं. म्हणूनच शरीराचं वाईट वाटतं. फितुराला कुबड दिलं, झर्क्सीसच्या तंबूत वेडीवाकडी शरीरं भरली, त्याच्या अमर सेनेच्या मुखवट्याखाली राक्षसाची थोबाडं ठेवली. आणि स्पार्टात तर वाकडं मूल जन्मताच टाकून देतात, हे पहिल्याच दृश्यात अभिमानाने दाखवलं. माझ्या वर्गात पोलिओ झालेल्या बापाची मुलगी आहे. तिने हा सिनेमा पाहिला तर ती तुझ्यासारखी टाळी कुठे वाजवील, ते मला सांग.”

मामा आतून म्हणाला, “दोघंही चहा घ्या आधी.” आम्ही घेतला. पण विषय सुटला नाही, कारण भावाने इराणचं काढलं.

‘३००’ प्रदर्शित झाला तेव्हा इराणमध्ये संताप उसळला होता. हॉलिवुडने इराणी लोकांविरुद्ध युद्ध पुकारलं, असा मथळा तिथल्या एका दैनिकाने दिला. युनेस्कोकडे तक्रार गेली. सरकारचे आणि सरकारविरोधी, देशातले आणि परदेशात स्थायिक झालेले, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे इराणी या एका बाबतीत एकत्र आले. त्यांच्या नवरोजच्या तोंडावरच तो आला होता. ग्रीसमध्ये मात्र थिएटरं भरून वाहत होती.

“अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजासाठी एवढी बोंब?” भाऊ म्हणाला. “पिक्चर आवडला नाही तर पाहू नका.”

“आणि लेझीम?” मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. जानेवारी २०२५मध्ये ‘छावा’चं ट्रेलर आलं, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. महाराष्ट्रात आक्षेप निघाले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. सिनेमा आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. आमच्या मध्य प्रदेशात सिनेमा करमुक्त झाला. पांढुर्ण्या-सौंसरची मंडळी गाड्या करून नागपूरला पाहायला गेली, त्यात हा भाऊही होता. घरी आल्यावर रात्रभर झोपला नाही, असं मामी सांगते. ठिकठिकाणी लहान मुलं थिएटरात हुंदके देत होती. गुजरातेत भरूचला एकाने पडदाच फाडला. आमच्याच राज्यात, बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी, सिनेमातला मोगली खजिना शोधायला लोक रात्री बॅटऱ्या आणि चाळण्या घेऊन शेतं खणत बसले. मार्चमध्ये नागपुरात दंगल होऊन संचारबंदी लागली, तेव्हा विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या बोलण्यातही या सिनेमाचा उल्लेख आला.

“लेझीमचं वेगळं हाय, ताई. संभाजी महाराज आमच्या घरात हायेत. भिंतीवर फोटो हाय. झर्क्सीसचा फोटो इराणात कोणाच्या घरात हाय?”

प्रश्न बरोबर होता. प्रत्येक दुखावलेल्याचं दुःख सारख्या वजनाचं नसतं आणि देव्हाऱ्याजवळच्या माणसाची गोष्ट निराळी असते, हे मी मानते.

“फोटो नसेल,” मी म्हटलं, “पण पर्सेपोलिसच्या दगडात त्यांचे राजे कोरलेले आहेत. लांब कुरळी दाढी, पायघोळ वस्त्र. सूसाच्या महालातले धनुर्धारी रंगीत विटांवर आहेत, पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात ठेवलेत. फुलाफुलांचे झगे घातलेले देखणे सैनिक. इराणी पोराच्या शाळेच्या पुस्तकात ते असतात. आणि पडद्यावर त्याला काय दिसतं? दाढी काढलेला, अंगभर कड्या टोचलेला, इतरांपेक्षा कितीतरी उंच राजा. तुला लेझीमचा एक ठेका खुपला. त्याला तर सगळं रूपच बदललेलं दिसलं. आणि आपल्याकडेही गोष्ट एका रंगाची नाही. संभाजी महाराज ज्या काळात औरंगजेबाशी झुंजत होते, त्याच सुमारास आपल्या छिंदवाड्यातल्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद त्याच औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, गादी मिळवली आणि पुढे त्याच्यावरच उलटला. तू ज्या नागपूरला सिनेमा पाहायला गेलास, ते शहर त्याने वसवलं. त्याला कुठल्या बाजूला बसवशील?”

तो म्हणाला, “म्हणजे काय, पिक्चर काढूच नये? रक्त तापूच नये?”

“तापावं. थिएटरात माझंही तापतं. पण काढणाऱ्याने आणि पाहणाऱ्यानेही समोरच्या काठावर एकदा जाऊन यावं. ग्रीकांनी तर ते तेव्हाच केलं होतं. एस्किलस नावाचा नाटककार. तो स्वतः मॅरेथॉनला इराण्यांशी लढलेला होता. थर्मापिलीनंतर आठ वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४७२मध्ये, त्याने अथेन्समध्ये ‘पर्शियन्स’ नाटक केलं. नाटक घडतं कुठे? इराणच्या राजवाड्यात. झर्क्सीसची आई मुलाची वाट पाहतेय. पराभवाची बातमी येते. शेवटी फाटक्या कपड्यांत झर्क्सीस येतो आणि रडतो. ज्यांचं गाव इराण्यांनी जाळलं होतं, ते लोक समोर बसून हे पाहत होते. आणि त्या वर्षीचं पहिलं बक्षीस त्या नाटकाला मिळालं.”

हे मी ठासून बोलले. ‘३००’बद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. शत्रूच्या आईचं रडणं ऐकून अथेन्सच्या लोकांचा विजय कमी झाला नाही.

भाऊ गप्प झाला, पण हरल्यासारखा नाही. उठला आणि आतून एक मोठी चित्रकलेची वही घेऊन आला. “हसू नको,” म्हणाला.

वहीत गोटमार होती. काळ्या शाईने, मिलरसारखी, दोन्ही पानांवर पसरलेली. मधोमध जाम नदी आणि पाण्यात रोवलेला पळस, त्याच्या शेंड्याला झेंडा. बाहेरच्यांसाठी सांगते. सावरगावचे लोक तो पळस राखतात आणि पांढुर्ण्याचे लोक कुऱ्हाड घेऊन तो तोडायला उतरतात. संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवरून दगड चालतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि आजवर अनेकांचे जीव गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून पाहिले, ते कुणी हातात धरले नाहीत. झेंडा मिळाला की तो चंडीमातेच्या देवळात नेतात. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोघंही दगडांनी मेली, अशी कथा सांगतात. भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावाची कथाही सांगतात. गोटमार बंद व्हावी, असं माझं स्वच्छ मत आहे आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी ते पुन्हा काढलं नाही, कारण चित्रं खरोखर चांगली होती. गोफण फिरवणाऱ्या हाताची ताणलेली शीर, ओल्या दगडावरून घसरलेली चप्पल, झेलायला वर धरलेलं पत्र्याचं झाकण. भावाला हे सगळं दिसलं होतं.

पण चित्रातली प्रत्येक चौकट पांढुर्ण्याच्या काठावरून काढली होती. सावरगावचा काठ म्हणजे लांब काळ्या ठिपक्यांची रांग.

मी काही बोलायच्या आत मामी मागे येऊन उभी राहिली. तिचं माहेर सावरगावचं. गोटमारीच्या दिवशी तिच्या एका घरचे लोक दुसऱ्या घरच्या लोकांवर दगड मारतात आणि रात्री दोन्हीकडून एकमेकांच्या जखमांची विचारपूस होते. तिने पदराला हात पुसले, वही वळवून उजेडात धरली आणि त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

“यातला तुझा मामा कोणता?”

भावाने वही परत घेतली. बराच वेळ तो त्या पानाकडे पाहत राहिला. मग मधल्या घडीवर बोट फिरवत म्हणाला, “ताई, दोन पानांची चौकट हाय ना, ही घडी नदी होऊ शकते. इकडलं पान इकडून, तिकडलं तिकडून. मिलरनं तसं नाही केलं. पण मले तिकडून कसं दिसते ते माहीत नाही. मी तिकडल्या काठावर गोटमारीच्या दिवशी कधी उभाच राहिलो नाही.”

‘३००’ भारी आहे, हे त्याचं मत त्या दिवशी बदललं नाही आणि माझंही बदललं नाही. संध्याकाळच्या बसने मी सौंसरला परत आले.

पांढुर्ण्यात, सावरगावात आणि सौंसरकडे ज्यांच्या घरी गोटमारीचे जुने फोटो असतील, विशेषतः सावरगावच्या काठावरून घेतलेले, त्यांनी ते फेकू नयेत. आजोबा-आजींनी त्या काठावरून काय पाहिलं ते लिहून ठेवावं, आणि आपल्या गल्लीत कुणी मुलगा-मुलगी चित्रं काढत असेल तर त्याला बोलावून ते दाखवावं.